स्वादुपिंडावरील शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव

कोलशेत, बाळकुम, ढोकाळी या ठाण्याच्या खाडीकांठच्या वस्तींतील कर्करोगाचे पुष्कळ रोगी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरतात. १९४१ सालीं उघडलेल्या या रुग्णालयांत स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया आज मोठ्या संख्येनें होतात. रोगी घरीं परतला, कीं आप्तेष्ट सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु या शस्त्रक्रियेचा एक उपद्रव असा दगलबाज आहे, कीं तो कधीं कधीं घरीं आल्यावरच डोकें वर काढतो. तो म्हणजे पोटांतील रक्तस्राव.

स्वादुपिंड जठराच्या पाठीमागें आडवें पसरलेलें असतें. त्याच्या डोक्याशीं गांठ झाली, तर तें डोकें, लहान आतड्याचा आरंभींचा भाग, पित्ताशय व पित्तनलिकेचा खालचा भाग काढून टाकावा लागतो. आणि उरलेलें स्वादुपिंड, पित्तनलिका व जठर हीं तिन्ही आतड्याला नव्यानें जोडावीं लागतात. जर्मन शल्यविशारद काउश यांनीं १९०९ सालीं अशी शस्त्रक्रिया केली होती. पण तिला नांव मिळालें तें १९३५ सालच्या अमेरिकन व्हिपल यांचें.

२००७ सालीं आंतरराष्ट्रीय शल्यविशारदांनीं या रक्तस्रावाचे काळावरून दोन प्रकार ठरविले. पहिल्या २४ तासांतला बहुधा सैल सुटलेल्या टांक्याचा किंवा सांध्याच्या कडेचा असतो. रोगी तेव्हां डॉक्टरांच्या नजरेखालींच असल्यानें दुर्बिणीनें अथवा पोट पुन्हा उघडून तो आवरतां येतो.

खरा घात नंतरच्या रक्तस्रावाचा. स्वादुरस मुळांत निद्रिस्त असतो. आतड्यांतील रसाशीं मिसळतांच तो जागा होतो. नवा जोड झिरपला, कीं हा मांस पचविणारा रस शस्त्रक्रियेंत कापून बांधलेल्या धमनीच्या थोटकालाच पचवूं लागतो. जंतूंची त्यांत भर पडते. भिंत झिजून धमनीला फुगा येतो आणि एके दिवशीं तो फुटतो.

पण पुष्कळदां तो आधीं सूचना देतो. पोटांतल्या नळीवाटे थोडें लाल पाणी येतें, उलटींत रक्त दिसतें, किंवा शौचास डांबरासारखें काळें होतें. मग तें आपोआप थांबतें, आणि घरचीं माणसें 'पित्त झालें असेल' म्हणून स्वस्थ बसतात. कांहीं तासांनीं वा दिवसांनीं मोठा लोंढा येतो.

अशा वेळीं रक्त चढवीत असतांनाच रंगद्रव्य टोंचून सी. टी. स्कॅन काढतात. मग जांघेंतील धमनींतून बारीक नळी फुग्यापर्यंत नेऊन तेथें धातूच्या तारेचीं वेटोळीं बसवितात. यकृताचा रक्तपुरवठा राखावयाचा असेल, तर अस्तर लावलेला स्टेंट घालतात. जठराच्या सांध्याजवळ व्रण झाला असेल, तर मात्र दुर्बीण व आम्ल कमी करणारें औषध पुरतें. सुजलेल्या पोटांत पुन्हा सुरी चालविणें फार धोक्याचें; रोगी हातचा जाऊं लागला तरच तो मार्ग.

कोलशेताहून परळ तीसएक किलोमीटर दूर आहे. रक्त दिसतांच तेवढा पल्ला गांठण्यापेक्षां, धमनींतील हे उपचार जेथें अहोरात्र होतात असें जवळचें मोठें रुग्णालय गांठावें, आणि परळच्या डॉक्टरांना वाटेंतूनच कळवावें. असें रुग्णालय कोणतें, याची चौकशी रोगी घरीं येण्यापूर्वींच करून ठेवावी. आणि शस्त्रक्रियेचा कागद हाताशीं ठेवावा, कारण कोणती धमनी कोठें बांधली हें त्यावरूनच नव्या डॉक्टरांना कळतें.