पोथ्यांच्या छायाचित्रणासाठीं डिजिटल कॅमेऱ्याची निवड

फिल्म सोडूं इच्छिणारे पोथीसंग्राहक प्रथम मेगापिक्सेलांचा आंकडा विचारतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत लांबीकडून सुमारें ६००० बिंदु मिळतात. ३० सेंटिमीटरांचें पत्र चौकटींत पूर्ण बसविल्यास सेंटिमीटरास २०० बिंदु पडतात. वाचनास ते पुष्कळ होत.

खरा लाभ रंगाचा आहे. लेखनिकानें हरताळ लावून बुजविलेलें स्थळ कृष्णधवल फिल्मवर कोऱ्या कागदासारखें दिसूं शकतें. असेंच एक स्थळ आम्हीं मूळचेंच कोरें समजून पाठ नोंदविला, आणि पोथी पुनः प्रत्यक्ष पाहिल्यावर तो मागें घ्यावा लागला! म्हणून कॅमेरा 'रॉ' स्वरूपांत चित्र राखणारा असावा; जेपेग करतांना रंगाचा निवाडा कॅमेराच परस्पर करून टाकतो.

जुनीं भिंगें जवळ असल्यास ३६ × २४ मिलिमीटरांचा संवेदक घ्यावा. फिल्मच्या चौकटीचें मापही तेंच. लहान, एपीएस-सी संवेदकावर ५० मिलिमीटरांचें भिंग सुमारें ७५ प्रमाणें वागतें, व कॅमेरा वर चढवावा लागतो. निकॉनच्या १९७७ पूर्वींच्या भिंगांनीं मात्र कित्येक डिजिटल कॅमेऱ्यांस इजा होऊं शकते; तीं चढविण्यापूर्वीं जाणत्यास दाखवावीं. घोडी जुनीच चालेल.