राजा बदलला, उमराव राहिला

इंग्लंडमधील १६८८ च्या राज्यक्रांतीला इतिहासाची पुस्तके ‘वैभवशाली क्रांती’ म्हणतात. दुसरा जेम्स पळाला, विल्यम आणि मेरी गादीवर आले, १६८९ मध्ये हक्कांचा कायदा झाला आणि पार्लमेंट राजाला वरचढ ठरले. परीक्षेच्या उत्तराला एवढे पुरते. पण क्रांतीचे मोजमाप करायचे तर तिच्या आधी सत्तेवर कोण होते आणि नंतर कोण राहिले, हे तपासले पाहिजे. त्यासाठी टॉमस ऑस्बर्न या उमरावाची कारकीर्द पाहण्यासारखी आहे.

ऑस्बर्न (१६३२–१७१२) हा यॉर्कशायरचा जमीनदार. ‘अर्ल ऑफ डॅन्बी’ या किताबाने तो ओळखला जाई. १६७३ पासून तो दुसऱ्या चार्ल्सचा खजिनदार व प्रमुख मंत्री होता. पदे आणि पेन्शने वाटून पार्लमेंटात राजाचा गट बांधण्यात तो तरबेज होता. फ्रान्सच्या राजाकडे गुपचूप पैसा मागणारी पत्रे उघडकीस आली, तेव्हा १६७८ मध्ये कॉमन्स सभेने त्याच्यावर महाभियोग आणला. राजाने माफीपत्र दिले. कॉमन्सने ते मानले नाही. १६७९ ते १६८४ तो लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता.

हाच माणूस ३० जून १६८८ रोजी विल्यमला पाचारण करणाऱ्या सात सहीकर्त्यांत होता. नोव्हेंबरात त्याने विल्यमसाठी यॉर्क शहर ताब्यात घेतले. कालचा राजसेवक आज क्रांतीचा पुढारी झाला! १६८९ मध्ये त्याला राजाच्या कौन्सिलचे अध्यक्षपद आणि मार्क्विसचा किताब मिळाला. १६९४ मध्ये तो ड्यूक ऑफ लीड्स झाला.

इथून या कहाणीचा धागा आपल्या किनाऱ्याला येऊन मिळतो. मुंबई बेट १६६८ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे होते. कंपनीला व्यापाराच्या मक्त्याची सनद १६९३ मध्ये नव्याने मिळाली. १६९५ मध्ये पार्लमेंटने कंपनीचे हिशेब तपासले, तेव्हा सनदेसाठी वाटलेल्या लाचेचा बोभाटा झाला. सुमारे ५,००० गिनी घेतल्याचा आरोप ऑस्बर्नवर आला आणि दुसरा महाभियोग उभा राहिला. पण मुख्य साक्षीदार, म्हणजे त्याचाच नोकर, परदेशी निघून गेला. अधिवेशन संपले आणि खटला बारगळला. ऑस्बर्नचे वजन गेले, पण अध्यक्षपद १६९९ पर्यंत टिकले.

महाभियोगाला राजाची माफी आड येणार नाही, असे कलम १७०१ च्या वारसा कायद्यात आले. त्याचे मूळ ऑस्बर्नच्या पहिल्या खटल्यात आहे. हा लाभ खोटा नव्हता. राजाच्या मनमानीला वेसण बसली. मात्र वेसणीची दोरी जमीनदार, उमराव आणि धनिक व्यापारी यांच्याच हाती राहिली. परगण्यांत वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असेल त्यालाच मत होते. शेतमजूर, नोकरचाकर आणि स्त्रिया या व्यवहाराच्या बाहेरच होत्या. राजाच्या हातून निसटलेली सत्ता आपोआप जनतेकडे येते, असे मानणाऱ्यांनी ऑस्बर्नची ही अकरा वर्षे नीट वाचावीत.