आजींची खतावणी

आमच्या आजींचे माहेर लातूरचे, सासर बार्शीचे. ‘बार्शी लाईट’च्या नॅरोगेज गाडीने त्या सासरी आल्या. आजोबांच्या अकाली निधनानंतर चार मुले, भुसार मालाचे दुकान आणि उधारीच्या वह्या त्यांच्या वाट्याला आल्या. शिक्षण चौथीपर्यंतचे, पण तराजू आणि शब्द दोन्ही खरे. सूर्यास्तापूर्वी घराचे जेवण आटोपे, मग कंदिलाच्या उजेडात खतावणी उघडे.

१९७२ च्या दुष्काळात गिऱ्हाईक शेतकरी खडी फोडायला गेले; घरोघरी रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी होऊ लागल्या. वसुलीचा विषय निघाला, तेव्हा आजींनी व्याज सोडले आणि मुद्दलाला मुदत दिली. “पाऊस पडला नाही, हा त्यांचा दोष कसा?” एवढेच त्या म्हणाल्या. पुढच्या संवत्सरीनंतर त्या उधारीदारांच्या दारी गेल्या, त्या पैशांसाठी नव्हे. पूर्वी तगाद्यात जे कठोर बोलले गेले, त्याची क्षमा मागण्यासाठी.

पुढे वाटणीवरून दोन काकांमध्ये अबोला आला. एका संवत्सरीला धाकटे काका सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून परतले. आजी म्हणाल्या, “गावभर फिरलास, सख्ख्या भावाचे दार तेवढे राहिले.” काका उठले. थोरल्यांनी दार उघडले. दुकाने वेगळीच राहिली. पण दिवाळीचे वहीपूजन पुन्हा एकत्र होऊ लागले.

आज क्षमापनेचा संदेश मोबाइलवरून क्षणात शेकडोंना जातो. ज्याच्याशी बोलणे तुटले, नेमके त्याचेच नाव त्या यादीत नसते. आजींच्या हिशेबाने खरी बाकी तीच.