७५० कोटींना विकलेल्या मुंबईतील 'लिंकन हाऊस'चा ताबा का अडकला? सरकारांच्या परदेशातील मालमत्तेचे काय होते, समजून घ्या

वापरात नसलेला दूतावास विकायचा तर कोणाची परवानगी लागते, पैसा कुठे जातो आणि निझामाच्या लंडनमधील ठेवीचा निकाल लागायला ७१ वर्षे का लागली?

घर रिकामे पडले की मालक ते विकतो किंवा भाड्याने देतो. पण मालक एखादे सरकार असेल आणि घर दुसऱ्या देशात असेल, तर मामला इतका सरळ राहत नाही. याचे मोठे उदाहरण मुंबईतच आहे.

लिंकन हाऊसचे प्रकरण काय आहे?

ब्रीच कँडी भागातील ही वास्तू म्हणजे मूळचे 'वांकानेर हाऊस'. गुजरातमधील वांकानेर संस्थानच्या महाराजांसाठी १९३० च्या दशकात ती बांधली गेली. वास्तुविशारद होते क्लॉड बॅटली. १९५७ मध्ये अमेरिकेने ती ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली आणि तिथे वाणिज्य दूतावास थाटला.

नोव्हेंबर २०११ मध्ये हा दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलातील नव्या इमारतीत गेला आणि जुनी वास्तू विक्रीला निघाली. २०१५ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटचे सायरस पूनावाला यांनी ती ७५० कोटी रुपयांना घेण्याचा व्यवहार केला. देशातील सर्वात महागड्या घरखरेदीपैकी एक म्हणून त्याची चर्चा झाली. मात्र जमिनीवर केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाने आणि राज्य सरकारनेही हक्क सांगितला. व्यवहार जाहीर होऊनही ताबा वर्षानुवर्षे रखडला.

दूतावासाची जागा परदेशाची असते ना?

नाही. हा सर्वात मोठा गैरसमज आहे. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार यजमान देशाचे पोलीस किंवा अधिकारी परवानगीशिवाय दूतावासात शिरू शकत नाहीत. दूतावासाच्या जागेला मालमत्ता करातूनही सूट असते. पण जमीन त्या देशाचीच राहते. सातबारा असो वा प्रॉपर्टी कार्ड, भाडेपट्टा असो वा वारसा वास्तूचे नियम, सगळे स्थानिकच लागू होतात.

भारतात परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांनुसार परदेशी दूतावासाला स्थावर मालमत्ता घ्यायची किंवा विकायची असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाची मंजुरी लागते. शेतजमीन तर घेताच येत नाही.

इमारत 'जादा' कशी ठरते?

कारणे साधारण तीन असतात : सुरक्षा, खर्च आणि जागेचा वाढलेला भाव. १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलाम येथील अमेरिकी दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले. त्यानंतर अमेरिकेने १९९९ मध्ये कायदा करून नव्या दूतावासाची इमारत कुंपणापासून किमान १०० फूट आत असावी, अशी अट घातली. शहराच्या मध्यवस्तीतील जुन्या वास्तूंमध्ये एवढी मोकळी जागा मिळणे अवघड. त्यामुळे शहराबाहेर किंवा नव्या व्यापारी संकुलात जाण्याकडे कल वाढला.

विक्रीचा पैसा कुठे जातो?

अमेरिकेत परराष्ट्र खात्याचा 'ओव्हरसीज बिल्डिंग्ज ऑपरेशन्स' हा विभाग हे काम पाहतो. विक्रीचा पैसा परदेशातील इतर इमारतींसाठी वापरण्याची मुभा या खात्याला आहे. लंडनमध्ये २०१८ मध्ये सुरू झालेला अमेरिकेचा नवा दूतावास तिथल्याच जुन्या मालमत्ता विकून उभारला गेला. ब्रिटननेही २०१८ मध्ये बँकॉकमधील दूतावासाची विस्तीर्ण जागा ४२ कोटी पौंडांना विकली आणि तो पैसा जगभरातील आपल्या इतर दूतावासांच्या कामाकडे वळवला.

संबंधच तुटले तर?

अशा वेळी विक्री जवळपास थांबते. व्हिएन्ना करारानुसार संबंध तुटले तरी यजमान देशाने दूतावासाची जागा सांभाळायची असते. वॉशिंग्टनमधील इराणी दूतावास १९८० पासून बंद आहे. त्याची देखरेख अमेरिकेचे परराष्ट्र खाते करते.

मुंबईतील जिना हाऊसही असेच लटकलेले. मलबार हिलवरील हा बंगलाही बॅटली यांनीच १९३० च्या दशकात उभारला. फाळणीनंतर तो भारत सरकारच्या ताब्यात आला. पुढे ब्रिटनच्या उप उच्चायुक्तालयाने तो भाड्याने घेतला होता. पाकिस्तान त्यावर सातत्याने दावा सांगत आला आहे आणि भारताने तो मान्य केलेला नाही.

भारताच्या परदेशातील मालमत्तेचे कोण पाहते?

परराष्ट्र मंत्रालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. जमीन घेऊन वर्षानुवर्षे बांधकाम न करणे आणि दुसरीकडे भाडे भरत राहणे, यावर 'कॅग'ने बोट ठेवले आहे.

राज्य सरकारलाही परदेशात घर घेता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनमधील ज्या घरात राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केले. पण मालकी मिळाली म्हणून काम संपले नाही. निवासी घराचे संग्रहालय करायला स्थानिक कॅम्डन कौन्सिलने नकार दिला. अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटन सरकारने अपिलात परवानगी दिली. राज्य सरकार मालक असले, तरी तिथे त्याला दूतावासाचे संरक्षण नव्हते.

मराठवाड्याचा यात काय संबंध?

छत्रपती संभाजीनगरसह मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबरला निझामाने शरणागती पत्करली आणि तीनच दिवसांनी, २० सप्टेंबरला संस्थानच्या लंडनमधील बँक खात्यातून सुमारे १० लाख ८ हजार पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळवले गेले. हस्तांतर आपल्या संमतीविना झाल्याचे सांगत निझामाने पैसे परत मागितले. बँकेने रक्कम गोठवली.

निझामाने दावा लावला, पण सार्वभौम देशावर खटला चालत नाही, या मुद्द्यावर १९५७ मध्ये तो थांबला. २०१३ मध्ये पाकिस्तानने स्वतःच दावा दाखल केला. त्यामुळे ही ढाल गेली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निझामाचे वारस आणि भारत सरकार यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर रक्कम व्याजासह सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती.

थोडक्यात काय?

परदेशातील मालमत्तेत किमतीइतकेच महत्त्व दोन गोष्टींना असते : कागद कोणाच्या नावे आहे आणि यजमान देशाची संमती आहे का. लिंकन हाऊसला गिऱ्हाईक मिळाले, किंमतही ठरली. घोडे अडले ते जमिनीच्या मालकीवर. निझामाच्या ठेवीचेही तेच. पैसा बँकेत सुरक्षित होता, पण तो नेमका कोणाचा हे ठरेपर्यंत ज्या राज्याच्या तिजोरीतून तो गेला, ते राज्यच नकाशावरून पुसले गेले होते.