मानसिक सराव : त्याचे बळ व त्याच्या मर्यादा

अवयवांची हालचाल न करता एखादी क्रीडाक्रिया मनातल्या मनात क्रमाने करून पाहणे, यास मानसिक सराव म्हणतात. खेळाडूची कामगिरी सुधारण्यासाठी जे मानसशास्त्रीय उपाय योजले जातात त्यांपैकी याची प्रायोगिक तपासणी बरीच झालेली आहे. तिचे निष्कर्ष मात्र प्रशिक्षकांच्या उत्साहाइतके सरळ नाहीत.

1983 साली डेबोरा फेल्ट्झ व डॅनियल लँडर्स यांनी 60 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र पारखले. मुळीच सराव न केलेल्या गटापेक्षा मानसिक सराव करणारा गट सुमारे अर्ध्या प्रमाण विचलनाने सरस ठरला. 1994 मध्ये ड्रिस्केल, कॉपर व मोरन यांनी केलेल्या संकलनातही लाभ दिसला. परंतु प्रत्यक्ष सरावाचा लाभ त्याहून अधिक होता, आणि मानसिक सरावाचा परिणाम दिवसांगणिक ओसरत गेला.

हा लाभ होतो कशामुळे? एडमंड जेकबसन यांना 1930 च्या सुमारास असे आढळले होते, की हात वाकविण्याची नुसती कल्पना केली तरी त्या स्नायूत क्षीण विद्युत्क्रिया उमटते. यावरून स्नायूच शिकतात असे अनुमान पुष्कळांनी काढले. ते मोहक आहे, पण पुरेसे नाही. तसे असते तर शक्तीच्या कामांत लाभ ठळक दिसावयास हवा होता. वस्तुतः जेथे क्रम लक्षात ठेवावा लागतो, निवड करावी लागते, तेथे तो मोठा आढळतो. शक्तीच्या कामांत अल्प. म्हणजे शिकली जाते ती मुख्यतः क्रियेची योजना.

निष्णात खेळाडूच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. सायन बायलॉक व थॉमस कार यांनी 2001 साली गोल्फमधील पटिंगवर केलेल्या प्रयोगांत, दडपणाखाली कामगिरी ढासळण्याचे कारण स्वतःच्या हालचालींवर खिळलेले लक्ष हे असावे, असे दिसून आले. कॅमेऱ्यासमोर सराव केलेल्यांची कामगिरी मात्र दडपणातही ढासळली नाही. तेव्हा नवशिक्यास उपयुक्त ठरणारी ‘प्रत्येक सांध्याची हालचाल आठव’ ही सूचना सामन्याच्या पूर्वसंध्येस निष्णातास देणे धोक्याचे ठरेल, असे मानण्यास जागा आहे.

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने केवळ स्वस्थ बसलेल्या गटाशी तुलना करून थांबू नये. आपल्याला काही विशेष शिकविले जात आहे, ही जाणीवही कामगिरी वाढवू शकते. म्हणून तितकाच वेळ दुसऱ्या एखाद्या मानसिक कामात घालविणारा तिसरा गट हवा. आणि प्रयोगानंतर प्रत्येकास, त्याने मनात नेमके काय पाहिले, हेही विचारावयास हवे.