तापणाऱ्या तारेचे कसब

शहापूर तालुक्यातील भातसानगर येथे धरणाच्या पायथ्याशी जे जलविद्युत केंद्र आहे, त्याची क्षमता १५ मेगावॉट आहे. घरगुती हिशेबाने बोलायचे तर, १,००० वॉटच्या पंधरा हजार शेगड्या एकाच वेळी तापवता येतील एवढी. मुंबई शहराला लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी भातसेचे असते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे आणि तिच्यावर हर्षामर्षाने पुष्कळ लिहिलेही गेले आहे. परंतु तेच पाणी जलाशयातून उतरता उतरता जी वीज मागे ठेवून जाते, ती राज्याच्या विद्युज्जालात मिसळून नामशेष होत असल्यामुळे तिची चौकशी करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. ती ज्या अगणित ठिकाणी जाऊन संपते त्यांपैकी अत्यंत क्षुद्र, आणि माझ्या मते अत्यंत मनोवेधक असे एक स्थान म्हणजे चिनी मातीच्या थाळीतल्या खाचेत पहुडलेले तारेचे वेटोळे. बाजारात त्याला ‘कॉइल’ म्हणतात. शेगडी, इस्त्री, पाणी तापवण्याचा रॉड, डाग देण्याची कावी, केस वाळवण्याचे यंत्र या सर्वांचे अंतःकरण तेच. आणि अलीकडे ज्याने तरुण पिढीला वेड लावले व ज्याच्यावर भारत सरकारने संपूर्ण बंदी घातली, त्या ‘व्हेप’ नामक धूम्रयंत्राचे अंतःकरणही तेच.

तारेतून वीज गेली की तार तापते, हे ज्ञान जुने आहे. जर्मनीच्या ओम याने १८२७ साली विद्युत्प्रवाह, दाब आणि रोध यांचे परस्परांशी असलेले नाते सांगितले. पुढे १८४० च्या सुमारास इंग्लंडच्या जूलने हे दाखवून दिले की निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नियम हाती आला, तरी त्या नियमाप्रमाणे वागणारी धातू मात्र हाती येईना. तांब्याचा रोध इतका अल्प की त्याची शेगडी करायची तर तार शेकडो मीटर गुंडाळावी लागेल. लोखंड लाल होते खरे, पण हवेतल्या प्राणवायूने त्याची पापुद्र्या पापुद्र्याने राख होते. प्लॅटिनम टिकते, पण त्यावर भाकरी भाजणे संस्थानिकांनाही परवडले नसते. हा पेच सुटला तो १९०६ मध्ये. अमेरिकेतील आल्बर्ट मार्श याने सुमारे ऐंशी भाग निकेल आणि वीस भाग क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. तीच आपली नायक्रोम. तिचा रोध तांब्याच्या साठपटीहून अधिक. आणि तिचा खरा गुण असा की प्रथम तापताच तिच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचे एक पातळ, चिवट कवच चढते, जे पुढचे जळणे थोपवून धरते. गंजच जिचा रक्षक झाला अशी ही धातू. पुढे १९३१ च्या सुमारास स्वीडनमधील हान्स फॉन कांट्झोव याने लोह, क्रोमियम आणि अॅल्युमिनियम यांची ‘कांथाल’ ही तार काढली. तिचे कवच अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचे असून तिची सहनशक्ती नायक्रोमपेक्षाही अधिक आहे, मात्र एकदा लाल होऊन निवाल्यावर ती ठिसूळ होते आणि वाकवू गेल्यास काडीसारखी मोडते.

ओघात येथे एका जुन्या गोष्टीचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. कल्याण ते इगतपुरी या लोहमार्गाचे, म्हणजे आटगाव, खर्डी, कसारा या शहापूर तालुक्यातल्याच स्थानकांवरून जाणाऱ्या मार्गाचे, विद्युतीकरण १९३० मध्ये झाले. त्या काळची एकदिश विजेवर चालणारी इंजिने गाडी हलवताना प्रारंभीचा प्रवाह रोधकांच्या जाळ्यांतून नेत असत, आणि ही जाळी चांगलीच तापत. तेव्हा तापणाऱ्या रोधकाचा या मुलुखातला प्रवेश स्वयंपाकघरातून न होता घाटाच्या चढणीवरून झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता मूळ विषयाकडे. २३० व्होल्टच्या दाबावर १,००० वॉट हवे असतील तर तारेचा रोध सुमारे ५३ ओहम असला पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित बारीक नायक्रोम घेतली तर त्यासाठी साधारण पावणेआठ मीटर तार लागते. एवढी लांबलचक तार वीतभर थाळीत बसवायची तर तिला गुंडाळण्यावाचून गत्यंतर नाही. सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी गजाला टोकाशी एक चीर पाडून तीत तारेचे टोक अडकवायचे, एका हाताने गज फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत तार एकसारखी ताणून धरायची, की वेढ्याला वेढा लागत जातो. साडेतीनशेच्या वर वेढे झाले की सगळी तार सतरा-अठरा सेंटीमीटरांच्या स्प्रिंगमध्ये सामावते. कृती सांगायला दोन वाक्ये पुरली. पण हाताचा ताण मध्येच ढिला पडला तर तेथले वेढे फुगतात, मध्येच वाढला तर तार गजाला अशी आवळते की सुटता सुटत नाही. आज तयार कॉइली कागदी पाकिटांतून कोणत्याही तालुक्याच्या गावी विजेच्या दुकानात टांगलेल्या असतात, त्यामुळे गुंडाळण्याचे काम कारखान्याकडे गेले. कारागिराकडे उरले ते ओढण्याचे. आणि माझे मत असे की खरे कसब गुंडाळण्यात नसून ओढण्यातच आहे.

ओढणे म्हणजे घट्ट स्प्रिंग तिप्पट-चौपट लांब करणे. जाणता कारागीर प्रथम थाळीतील नागमोडी खाचेत दोरा बसवून तिची लांबी मोजून घेतो, मग कॉइलची दोन्ही टोके धरून ती सावकाश, एकाच दमात आणि त्या लांबीपेक्षा किंचित कमीच ओढतो, जेणेकरून खाचेत बसवताना ती अंगच्या ताणाने तळाशी चिकटून राहावी. नवशिका मनुष्य ती अधिक ओढतो आणि मग उरलेली लांबी खाचेत कोंबतो. काही ठिकाणी वेढे विरळ, काही ठिकाणी दाट होतात, दाट वेढे एकमेकांच्या उष्णतेने अधिक तापतात, आणि सहा महिने चालायची कॉइल पंधरवड्यात तुटते. शेगडी पेटवल्यावर सर्व वेटोळे एकाच रंगाने लाल झाले पाहिजे. मध्येच कोठे केशरी पिवळा टिपका दिसला की तेथे मृत्यू दबा धरून बसला आहे असे समजावे.

तुटल्यावर आपल्याकडे काय केले जाते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. दोन्ही तुटकी टोके थोडी मोकळी करून एकमेकांत आकडीसारखी अडकवायची, वरून पक्कडीने दाबायची, की शेगडी पुन्हा सुरू. या दुरुस्तीला काटकसरीचे सर्व पुण्य लाभले असले तरी शास्त्राचा तिला आधार नाही. एक तर जोडाच्या जागी धातूला धातू पुरती भिडत नाही, सबब तेथला रोध वाढून ती जागाच सर्वांत जास्त तापते. दुसरे असे की प्रत्येक वेळी चार-दोन वेढे खर्ची पडतात, तार आखूड होते, रोध घटतो आणि प्रवाह वाढतो. हा क्रम पुढे ताणून पाहिला तर निम्मी उरलेली कॉइल त्याच दाबावर १,००० च्या जागी २,००० वॉट ओढील, आणि तीही निम्म्या तारेतून. अर्थात तितका काळ ती जगत नाही, हा भाग निराळा.

खेडोपाडी या हिशेबात आणखी एक भानगड शिरते. दाब कमी झाला तर शेगडीची शक्ती त्याच प्रमाणात नव्हे, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. वाहिनीच्या शेवटच्या टोकावरच्या पाड्यात २३० च्या ठिकाणी १८० व्होल्ट मिळत असतील, तर १,००० वॉटची म्हणून विकत घेतलेली शेगडी सुमारे ६१२ वॉटचीच राहते. भात शिजायला उशीर का लागतो याचे उत्तर अशा वेळी गृहिणीच्या हाती नसून खांबावरच्या तारेत असते.

हे सगळे ध्यानात घेतले म्हणजे व्हेपचा टँक, म्हणजे त्यातला द्रव आणि कॉइल सामावणारा भाग, पुष्कळसा उलगडतो. सिगारेटचे विजेवर चालणारे रूप अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट याने कल्पिले आणि १९६५ मध्ये त्याला त्याचे पेटंटही मिळाले, पण ते बाजारात आले नाही. २००३ च्या सुमारास चीनमधील औषधनिर्माता होन लिक याने ते व्यवहारात आणले. काही वर्षांतच पाश्चात्त्य देशांतील हौशी लोकांना बाजारी कॉइल पुन्हा पुन्हा विकत घेण्याचा कंटाळा आला आणि त्यांनी स्वतः बांधता येईल असा टँक निर्माण केला. त्याची रचना थोडक्यात अशी : तळाशी एक धातूची बैठक, तीवर दोन खुंट, खुंटांना बारीक स्क्रू, त्या दोहोंमध्ये हाताने वळलेली इवलीशी कॉइल, कॉइलच्या पोटातून ओवलेली कापसाची वात, जिची दोन्ही टोके भोवतालच्या काचनळीतील द्रवात बुडालेली, आणि वर धूर वाहून नेणारे धुराडे. द्रव म्हणजे ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल, त्यांत सुगंध आणि बहुधा निकोटीन.

या कॉइलचे गणित शेगडीच्या गणिताशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. ०.४ मिलिमीटर जाडीची कांथाल तार तीन मिलिमीटरच्या सळईवर आठ वेढे गुंडाळली तर सुमारे नऊ सेंटीमीटर तार लागते आणि रोध एक ओहमच्या आसपास येतो. पूर्ण भरलेल्या लिथियम घटाचा दाब ४.२ व्होल्ट; म्हणजे प्रवाह ४.२ अॅम्पिअर आणि शक्ती साडेसतरा वॉट. आमच्या १,००० वॉटच्या शेगडीतून जाणारा प्रवाहही ४.३५ अॅम्पिअरच आहे! शेगडीच्या तारेला दर सेंटीमीटरमागे सव्वा वॉटाहून थोडा अधिक भार पडतो, तर या चिमुकलीला जवळजवळ दोन वॉट. असे असूनही ती लाल होत नाही, कारण ओली वात तिला क्षणोक्षणी निववीत असते आणि द्रवाची वाफ होण्यात तिची उष्णता खर्ची पडते. वात सुकली की तीच नऊ सेंटीमीटरांची शेगडी होते, कापूस करपतो, आणि अतितप्त ग्लिसरिनातून फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी द्रव्ये निघून थेट फुफ्फुसात जातात. दाट धुराच्या हव्यासाने रोध ०.१ ओहमपर्यंत खाली आणणारे वीरही आहेत; तेव्हा प्रवाह ४२ अॅम्पिअरवर जातो, आणि बोटाएवढ्या घटाला तो सहसा झेपत नाही. घट अंगावर फुटून माणसे जायबंदी झाल्याच्या घटना यातूनच घडलेल्या आहेत. शेगडीची कॉइल चुकली तर फ्यूज उडतो. येथे फ्यूज बहुधा नसतोच, आणि यंत्र तोंडाशी धरलेले असते.

धूम्रपानाचे साधन स्वतःच्या हाताने उभारण्याची ही हौस आमच्या रानवट मुलुखाला सर्वस्वी अपरिचित नाही. मातीची चिलीम, तिच्या नळीत तंबाखू अडवणारा खडा आणि बुडाशी गुंडाळलेली ओली छापी हा सरंजाम ज्याचा त्याने जमवावा असाच दंडक होता, आणि आपट्याच्या पानाची विडी वळण्यासही कोणाचा परवाना लागत नसे. तंबाखूने त्यातही आपले काम चोख बजावले, हे सांगणे नलगे. हाताने केले म्हणून विष सौम्य होत नाही.

कायद्याची बाजू मात्र स्पष्ट आहे, आणि हौशी मनुष्याने ती आधी वाचावी. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचे अधिनियमात रूपांतर होऊन, इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सर्वांना देशभर मनाई झाली. निकोटीन असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून श्वासासाठी धूर वा वाफ निर्माण करणारे विजेचे साधन त्या व्याख्येत येते. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. ओढणाऱ्याला स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही. पण उत्पादनाच्या व्याख्येत असे साधन बनवणे, जुळवणे आणि त्याचे सुटे भाग तयार करणे हेही अंतर्भूत आहे, आणि येथेच कॉइल वळणाऱ्याने सावध व्हावे. शेगडीसाठी तार गुंडाळणे हा राजमान्य हुन्नर. तीच तार, तोच गज आणि तेच हात व्हेपसाठी राबले तर कलम लागू होऊ शकते. तारेच्या रिळावर काहीच लिहिलेले नसते, आणि विकणारा दुकानदारही तिचे प्रयोजन विचारीत नाही.

मला स्वतःला या बंदीविषयी खेद वाटत नाही. खेद वाटतो तो याचा की, ओहमचा नियम हातात धरून, वेढे मोजून, रोध मोजून एखादी वस्तू घडवण्याची जी गोडी परदेशातल्या तरुणांना या व्यसनापायी लागली, ती आमच्याकडे शेगडीपायी कधी लागली नाही. आम्ही तुटकी टोके पक्कडीने दाबीतच राहिलो. ज्याला तारेचे कसब खरोखर शिकायचे असेल त्याने एक जुनी शेगडी घ्यावी. प्लग काढलेला असावा, थाळी पुसून कोरडी केलेली असावी. खाचेत नवी कॉइल बसवून तिची टोके टर्मिनलच्या स्क्रूखाली दोन पदरी करून आवळावीत, म्हणजे तेवढा भाग थंड राहतो. टर्मिनलपासून निघणाऱ्या जोडतारांवर रबराऐवजी चिनी मातीचे मणी ओवावेत, कारण त्या उष्णतेत रबर तग धरीत नाही. मग मल्टिमीटरने दोन गोष्टी पाहाव्यात : दोन्ही टोकांमध्ये ५३ ओहमच्या आसपास रोध आहे किंवा नाही, आणि कोणतेही टोक शेगडीच्या पत्र्याला लागलेले तर नाही. मीटर नसेल तर दुरुस्तीच्या दुकानात सिरीज बोर्ड असतोच. त्यावर साठ किंवा शंभर वॉटचा दिवा लावून, माहितगार माणूस जवळ असतानाच ही परीक्षा करावी. कॉइलमधून दिवा लागला म्हणजे मार्ग पूर्ण आहे. पत्र्याला टोक लावल्यावरही लागला, तर शेगडी पुन्हा उघडावी.