तीन आठवड्यांची सायकल शर्यत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इटलीत मे महिन्यात होणारी जिरो, फ्रान्समधली जुलैतली टूर आणि स्पेनमधली ऑगस्ट-सप्टेंबरची वुएल्टा या तीन सायकल शर्यतींना ग्रँड टूर म्हणतात. प्रत्येक शर्यतीत २१ टप्पे असतात आणि एकूण अंतर ३,३०० किलोमीटरच्या आसपास भरते. टूरचे बरेच टप्पे भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठ-नऊला संपतात, त्यामुळे अंधेरी किंवा घाटकोपरला कामावरून घरी परतलेल्यालाही शेवटचा घाट थेट पाहता येतो. मात्र एकाच सायकलपटूचा तीन आठवडे मागोवा घेणारा प्रेक्षक रोजचा निकाल क्रिकेटच्या सवयीने, जिंकला की हरला एवढाच वाचतो. बहुतेक गैरसमज तिथेच सुरू होतात.

जास्त टप्पे जिंकणारा शर्यत जिंकतो, हा त्यातला सर्वांत मोठा. प्रत्यक्षात सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज केली जाते आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. ग्रेग लेमाँड १९९० मध्ये आणि ख्रिस फ्रूम २०१७ मध्ये एकही टप्पा न जिंकता टूरचे विजेते ठरले. टप्प्यातल्या पहिल्या तिघांना सहसा १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते. टप्पा जिंकण्याचा एकूण क्रमवारीतला थेट फायदा एवढाच.

साठाव्या क्रमांकाने आलेला सायकलपटू मागे पडला, असेही नाही. सपाट टप्प्यावर शंभराहून अधिक जण एकाच घोळक्यात येतात आणि घोळक्यात खंड पडला नसेल तर सर्वांना एकच वेळ मिळते. बोरिवली लोकलच्या पहिल्या आणि शेवटच्या डब्यातले प्रवासी अंधेरीला एकाच वेळी पोचतात, तसेच हे. अशा टप्प्याच्या, सहसा शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये, कोणी पडला, तरी तो ज्या गटात होता त्याच गटाची वेळ त्याला दिली जाते. म्हणून क्रमांकापेक्षा पहिल्या सायकलपटूपासूनचे वेळेचे अंतर पाहावे.

दोन आठवडे आघाडी टिकली म्हणजे शर्यत खिशात, हा समज इंग्लंडच्या सायमन येट्सच्या कारकिर्दीने खोटा ठरवला आहे. २०१८ च्या जिरोत त्याने तीन टप्पे जिंकले आणि १३ दिवस आघाडीची गुलाबी जर्सी अंगावर ठेवली. एकोणिसाव्या टप्प्यात कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा घाट आला. माथा २,१७८ मीटर उंच आणि वरचा जवळजवळ निम्मा रस्ता कच्चा. मुंबई-पुणे शर्यतीतला बोरघाट चढून लोणावळ्याला पोचले तरी उंची जेमतेम सव्वासहाशे मीटर भरते. येट्सची ताकद तिथे पार संपली आणि त्या एका दिवसात त्याने ३८ मिनिटांहून अधिक वेळ गमावला. ३१ मे २०२५ रोजी, जिरोच्या विसाव्या टप्प्यात, तोच घाट पुन्हा आला. येट्स तिसऱ्या स्थानावर, आघाडीच्या इसाक देल तोरोपेक्षा १ मिनिट २१ सेकंदांनी मागे होता. देल तोरो आणि दुसऱ्या स्थानावरचा रिचर्ड कारापाझ एकमेकांवर नजर ठेवत बसले आणि येट्स निसटला. सकाळीच पुढे पाठवलेला सहकारी वाउट फान आर्ट घाटापलीकडे त्याच्यासाठी थांबला आणि खोऱ्यातल्या सपाटीवर स्वतः वारा झेलत त्याला ओढत घेऊन गेला. येट्सने ती जिरो जिंकली, एकही टप्पा न जिंकता. सायकलिंग हा एकट्याचा खेळ आहे असे म्हणणाऱ्याने फान आर्टची ती काही किलोमीटरची मेहनत पाहावी.

किरकोळ गैरसमजही आहेत. डोंगरांच्या गुणांची जर्सी, म्हणजे मुंबई-पुणे शर्यतीतल्या ‘घाटाचा राजा’ किताबासारखा मान, माथ्यावर आधी पोचून गुण जमवणाऱ्याला मिळते. एकूण वेळेशी तिचा संबंध नाही. विश्रांतीच्या दिवशीही सायकलपटू तासदोन तास सायकल चालवतात. आणि अगदी शेवटून येणारेही निवांत नसतात, कारण विजेत्याच्या वेळेवरून ठरणाऱ्या मुदतीत न पोचणारा बाद होतो.

महाराष्ट्रात आणखी एक गल्लत होते, ती अतिदीर्घ शर्यती आणि ग्रँड टूर यांची. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,९०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. २०१८ मध्ये त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तॉक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची, तीन आठवड्यांहून जास्त चालणारी टप्प्यांची शर्यतही पूर्ण केली. अंतराने ही शर्यत टूरच्या जवळजवळ पावणेतीनपट भरते, पण खेळ वेगळा. तिथे झोप, पचन आणि हवामान यांच्याशी झुंज असते. ग्रँड टूरमध्ये शेजारच्या सायकलपटूशी, सेकंदासेकंदाची. एकीचे मोजमाप दुसरीला लावणे दोघींवरही अन्याय आहे.

ग्रँड टूरमध्ये वैयक्तिक प्रवेश नसतो. निवडलेल्या व्यावसायिक संघातर्फेच उतरावे लागते. त्या वाटेवरची खालची पायरी म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या २.२ श्रेणीच्या शर्यती. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेली पुणे ग्रँड टूर याच श्रेणीतली होती. टूर द फ्रान्समध्ये अद्याप एकही भारतीय सायकलपटू उतरलेला नाही.